नन्हेमियाँच्या पट्टीतला पेरणीचा रविवार

आमच्या वस्तीत सकाळ आधी वासानं यायची आणि मग आवाजानं. आई चुलीत तुराट्या सारायची. त्यांचा धूर कौलांखाली बराच वेळ रेंगाळायचा आणि त्यात रात्रीच्या वरणाचा, ओल्या शेणाचा आणि अंगणातल्या लिंबाचा वास मिसळलेला असायचा. मी गोधडीत डोळे मिटून पडलेला असताना देवळाची घंटा व्हायची. आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो, अजूनही म्हणतो. वारं डोंगराकडून असलं तर घंटेच्या आधी खुलताबादच्या बाजूनं अजान ऐकू यायची, इतकी पातळ की ती कानानं ऐकली की आठवली, ते कळायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी बैलांच्या घुंगुरमाळा. त्या आल्या की आई म्हणायची, "ऊठ शमू, रशीदभाई आले. तुझे बाबा कधीचे पट्टीत गेलेत." मग मी उठायचो. उतारावरून खाली पाहिलं की दौलताबादचा किल्ला धुक्यावर नुसता ठेवल्यासारखा दिसायचा, त्याला खाली जमीनच नाही असा. त्या वयात मला वाटायचं, की आमची वस्तीही तशीच असावी. लांबून कुणी पाहिलं तर तरंगताना दिसत असेल.

पट्टी म्हणजे देवळामागची मिशनची जमीन. एका अंगाला पांढुरका मुरूम, दुसऱ्या अंगाला काळी माती, मधे मिशनच्या गोऱ्या साहेबानं बांधून काढलेली विहीर आणि बांधावर एक फार जुनी चिंच. मिशनची माणसं देश सोडून गेली, तेव्हा ती जमीन शहरातल्या कमिटीकडे आली आणि कमिटीनं ती बाबांना वाट्यानं कसायला दिली. बाबा आठवडाभर शेतकरी असायचे आणि रविवारी शब्बाथशाळेचे मास्तर. शाळेतली नोकरी त्यांनी कधीच केली नव्हती, तरी आख्खा परिसर त्यांना मास्तरच म्हणायचा. त्यांची शिकवण्याची रीत वेगळी होती. पेरणाऱ्याचा दाखला शिकवायचा असला की ते मुलांना उठवून पट्टीत न्यायचे. पायवाटेवर दाणे टाकायचे, मुरमावर टाकायचे, बाभळीच्या आळ्यात टाकायचे आणि मग काळ्या मातीत. पुढच्या रविवारी पुन्हा न्यायचे आणि म्हणायचे, "बघा, मी काही बोलत नाही, जमीनच बोलते." पायवाटेवरचे दाणे चिमण्यांनी नेलेले असायचे. मुरमातला कोंब पिवळा पडलेला असायचा. मी मोठेपणी पुष्कळ प्रवचनं ऐकली, पण त्या पिवळ्या कोंबाएवढं मला कुणी काही शिकवलं नाही.

पाऊस सरून शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायची वेळ आली की आमच्याकडे पेरणीचा रविवार व्हायचा. हा सण दुसरीकडे कुठं मी पाहिला नाही. तो आमच्याच वस्तीचा. शहरातून पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, आणि कमिटीची माणसं यायची. उपासना झाली की सगळी मंडळी गाणी म्हणत पट्टीत जायची, टाळ-ढोलकीवर, आपल्या चालींवर. तिथं शब्बाथशाळेची मुलं जुन्या काळची शेती करून दाखवायची. दुष्काळ कसा पडला, साहेब घोड्यावरून कसा आला, त्यानं लोखंडी नांगर कसा आणला, विहीर कशी खोदली, उपाशी पोरांना खिचडी घालून कसं जगवलं आणि त्याच पोरांना पेरायला कसं शिकवलं. शेवटी पेरणीची खरी तिफण जुंपायची. प्रत्येक मुलानं तिच्या चाड्यात, म्हणजे वरच्या लाकडी वाटीत, एक मूठ शाळू सोडायचा आणि तिन्ही नळ्यांतून तो मातीत गेला, की 'आमेन' म्हणायचं. मग चिंचेखाली पंगत बसायची. आई आणि वस्तीतल्या बाया आदल्या दिवसापासून राबलेल्या असायच्या. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गुळाची लापशी. लापशीला चुलीचा धूर लागलेला असायचा आणि तोच मला सगळ्यात आवडायचा.

ही गोष्ट आमच्या घरात नुसती गोष्ट नव्हती. साहेबानं खिचडी घालून जगवलेल्या पोरांत बाबांचे आजोबा होते. त्यांचे आईबाप कोण, गाव कुठलं, काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच आठवायचं, की कुणीतरी त्यांना उचलून घोड्यावर पुढ्यात बसवलं होतं. त्यामुळे बाबा साहेबाविषयी बोलताना आवाज खाली आणायचे, देवळात आणतात तसा. मीही आणतो. आज कुणी त्या लोकांना सरसकट लुटारू म्हटलं तर मला आतून दुखतं. त्या पट्टीतली ज्वारी खाऊन आमची हाडं झालीत. पण त्याच कारणानं मला दुसरीही एक गोष्ट सोडता येत नाही, आणि ती सांगायलाच मी हे प्रकरण लिहायला घेतलं आहे.

खेळाची सुरुवात ठरलेली होती. साहेब घोड्यावरून उतरतो, माळाकडे बघतो आणि तिथं उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गुराख्याला विचारतो, "बाबा, हा माळ कुणाचा?" म्हातारा म्हणतो, "कुणाचाच नाय, सायेब." मग साहेब टोपी काढून प्रार्थना करतो आणि म्हणतो, "तर मग देवाचं नाव घेऊन पेरा." बाबांच्या आधी जे मास्तर होते, त्यांच्यापासून हे असंच चालत आलं होतं. आणि गंमत अशी, की इतर सगळे दिवस त्या जमिनीला आम्ही नन्हेमियाँची पट्टी म्हणायचो. आई म्हणायची, "नन्हेमियाँच्या पट्टीत भाकरी दे नेऊन." बाबा म्हणायचे, "नन्हेमियाँच्या पट्टीला औंदा ओल चांगली हाय." पाळकसाहेबसुद्धा म्हणायचे. नन्हेमियाँ म्हणजे शेजारच्या रशीदचाचांचे आजोबा. नाव तोंडात असायचं, तरी पेरणीच्या रविवारी माळ कुणाचाच नसायचा. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात सुखानं नांदत होत्या, एका घरात दोन जावा राहाव्यात तशा, एकमेकींशी न बोलता.

रशीदचाचांची जमीन आमच्या बांधाला लागून, चिंचेपलीकडे, बहुतेक मुरमाची. बाबांकडे बैल नव्हते, म्हणून नांगरट, पेरणी, मळणी सगळं त्यांच्या बैलांवर व्हायचं. त्या बदल्यात बाबा त्यांना विहिरीचं पाणी द्यायचे. सकाळी बांधावर दोघं भेटले की "सलाम मास्तर", "सलाम रशीदभाई" व्हायचं आणि मग एकच बिडी दोघांत फिरायची. आईला बाबांच्या बिडीचं माहीत होतं, पाळकसाहेबांना नव्हतं. ईदला त्यांच्याकडून नान आणि मटणाचा खलिया यायचा, नाताळला आमच्याकडून करंज्या जायच्या. डबा रिकामा परत करायचा नाही, हा दोन्ही घरांचा कायदा होता.

त्या वर्षी साहेब व्हायची पाळी माझी होती. देवळाच्या कपाटात एक खरी हॅट होती, बुरशीचे ठिपके पडलेली, आतून घामाच्या जुन्या डागांची. मी ती कित्येक वर्षं मनात धरून होतो. ती डोक्यावर घातली की माझे कान झाकले जायचे आणि जगाचा आवाज लांब जायचा, विहिरीत डोकं घातल्यासारखा. आईनं तिच्यात कापड कोंबून ती बसती केली आणि मक्याच्या कणसाच्या केसांच्या मिशा चिकटवल्या. मी आरशापुढून हलेना. आई म्हणाली, "पुरे आता सायेब, पाण्याला जा."

सणाच्या आठवड्यात गुराखी व्हायचा तो याकोब गालगुंडानं आजारी पडला. दुसरा मुलगा शोधायचा, तर सगळ्यांना आपापली कामं होती. बैल घेऊन रशीदचाचा उभेच असायचे. पांढरी दाढी, खांद्यावर घोंगडी, हातात चाबूक. मीच बाबांना म्हणालो, "चाचा करतील की. दाढी पण खरी आहे." बाबांनी तिफणीच्या दोऱ्या आवळता आवळता हात थांबवला. "त्यांना कशाला उगं," ते म्हणाले. पण चाचांनी ऐकलं होतं. "करतो की, मास्तर. एक तं वाक्य हाय. आमी काय येवढे बी अडानी नाय." बाबांनी दोऱ्या पुन्हा पहिल्यापासून आवळल्या.

मग रोज संध्याकाळी चिंचेखाली आमची तालीम. त्या संध्याकाळी मला अजून स्वप्नात दिसतात. ऊन चिंचेच्या पानांतून चाळून खाली पडलेलं, बैल रवंथ करत असलेले, विहिरीच्या कठड्यावर मैना. मी हॅट घालून ऐटीत विचारायचो, "बाबा, हा माळ कुणाचा?" चाचा हात जोडून म्हणायचे, "सायेब, आदी च्या घ्या, मंग जमिनीचं बोलू." मी हसून लोळायचो. पुन्हा विचारलं की, "सायेब, तुमची मिशी खाली आलीय." एकदा म्हणाले, "सायेबाला मराठी कोनं शिकवली म्हनायचं?" मी म्हणालो, "चाचा, नीट म्हणा ना. रविवारी पाळकसाहेब असतील." "काय म्हनायचं म्हनतो?" "कुणाचाच नाय, सायेब." चाचांनी चिंचेचं एक हिरवं बोटूक तोडून माझ्या हातावर ठेवलं. "बरं," ते म्हणाले. "तसं म्हनू."

त्या आधीच्याच रविवारी बाबांनी आम्हाला नाबोथाची गोष्ट शिकवली होती. राजाला त्याच्या वाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांची जमीन मी देत नाही. मग राजाची राणी खोटे साक्षीदार उभे करते, नाबोथाला मारवते आणि राजा मळा घ्यायला जातो. तिथं मळ्यातच त्याला देवाचा संदेष्टा भेटतो आणि विचारतो, खून करून वर मळाही घेतलास का? बाबांनी ती गोष्ट सांगताना राणीचा आवाज असा काढला होता, की लहान मुलं आयांना बिलगली. ती गोष्टही त्यांनी पट्टीतच सांगितली होती, चिंचेच्या बांधावर बसून. कुणालाच काही खटकलं नाही. आम्ही शास्त्र पाठ असलेली माणसं होतो. आम्हाला राजे आणि द्राक्षमळे दूरच्या देशात दिसायचे.

रविवार उजाडला तो धुक्यातच. गाणी म्हणत मंडळी पट्टीत आली तेव्हा पुढची माणसं मागच्यांना दिसत नव्हती, नुसती ढोलकी चालत येत होती. हळूहळू धुकं बाभळींवर चढलं आणि माती दिसू लागली, ओली, काळी, वाफा सोडणारी. खेळ सुरू झाला. दुष्काळाची मुलं पोटं धरून बसली. मी काठीच्या घोड्यावरून उतरलो, हॅट सावरली, माळावरून नजर फिरवली आणि विचारलं, "बाबा, हा माळ कुणाचा?"

रशीदचाचा बैलांपाशी उभे होते. त्यांनी चाबूक खाली ठेवला. या वेळी थट्टा नाही, काही नाही. तालमीत कधी म्हटलं नव्हतं इतक्या नीट आणि शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "कुणाचाच नाय, सायेब."

मला आनंद झाला. तो आनंद मी आजही विसरलेलो नाही, आणि प्रार्थनेला बसलो की कधी कधी तोच आडवा येतो. किती छान म्हटलं चाचांनी, एवढंच माझ्या मनात आलं. मी टोपी काढायला हात वर नेला आणि तेवढ्यात बाबांचा आवाज आला. "थांब शमू."

बाबा तिफणीच्या पलीकडे पुस्तक हातात धरून उभे होते. त्यांचा तसा चेहरा मी पुन्हा एकदाच पाहिला, नंतर आई गेली तेव्हा. ते मंडळींकडे न बघता चाचांकडे बघत होते. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "मास्तर, चालू द्या ना." बाबांना ऐकू गेलं असणार, कारण त्यांनी पुस्तक मिटलं. "नाही," ते म्हणाले. "रशीदभाई, तुम्हाला हे म्हणायला लावायला नको होतं. पोरांना सांगा, तुमच्या आज्याचं नाव काय."

"मास्तर, जाऊ द्या हो. सनाचा दिवस."

"सांगा."

चाचांनी एका बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "नन्हेमियाँ," ते म्हणाले. "सगळ्यांला ठाऊक हाय की, मास्तर." मग मुलांकडे वळून, आपली मुलं असल्यासारखं, सांगू लागले. "त्या दुस्काळात चारा नव्हता. आजा ढोरं घेऊन गोदाकाठाला गेलता, पैठणकडं. जमिनीचा सारा थकलेला. परत आला तं जमिनीला कुंपन. जहागीरदारानं काढून घेऊन सायेबाला दिलती. सायेबाला कोन काय बोललं, आपल्याला काय माहीत? तसं बोललं बी असंल कोनी, कुनाचाच नाय म्हनून. पन आजा नव्हता बोलनारा. आजा पैठणला होता." बैलाची घुंगुरमाळ सारखी करत ते म्हणाले, "मंग सायेबानं आज्याला बैलं हाकायला ठिवलं. ह्याच पट्टीत. सायेब वाईट नव्हता. आजारीपनात आज्याला दवा द्यायचा."

दुष्काळाची मुलं अजून पोटं धरून बसली होती, कारण त्यांना उठायला कुणी सांगितलं नव्हतं. हॅट माझ्या हातात होती, आणि माझं एकच वाक्य उरलं होतं: देवाचं नाव घेऊन पेरा. ते कुणाला म्हणायचं, मला कळेना. चाचांनीच चाबूक उचलला. "चला सायेब," ते म्हणाले, "मूठ धरा. बैलं उभी ऱ्हायलीत." आणि आम्ही पेरलं. चाड्यात मुठी पडत राहिल्या, नळ्यांतून दाणे सळसळत खाली गेले. 'आमेन' काहींनी म्हटलं, काहींनी नाही. लापशी त्या दिवशी बरीच उरली.

पुढच्या आठवड्यात कमिटीचा निरोप घेऊन पाळकसाहेब घरी आले. माणूस मायाळू होता. चहा पुढ्यात घेऊन अवघडून बसले होते. "मास्तर, जमिनीची बाब आहे. उद्या कुणी कोर्टात गेलं म्हणजे? मुलांना आपण श्रद्धा शिकवतो, सात-बारा नाही. तुम्ही एवढंच म्हणा, की घाईत बोलून गेलो. पाठ आहे तसा राहू द्या." आई आत पीठ मळता मळता थांबली होती, परातीचा आवाज बंद झाला होता. जमीनही जाऊ शकत होती, ते तिला कळत होतं, मलाही. बाबांनी एकदा आपल्या तळहातांकडे पाहिलं. "साहेब," ते म्हणाले, "मी रविवारी बोललो ते घाईत नव्हतं. घाई त्याच्या आधीची सगळी वर्षं होती."

जमीन राहिली. शब्बाथशाळा गेली. शहरातून एक नवीन शिक्षक येऊ लागले, फळ्यावर सुंदर चित्रं काढणारे. पेरणीचा रविवार होत राहिला. साहेब राहिला, विहीर राहिली, गुराख्याचं वाक्य तेवढं गळलं, आणि त्याच्या जागी कुणी काही विचारलंच नाही. बाबा मागच्या बाकावर बसायचे. पाखरं उडाल्यावर फांदी हलत राहते, तसे त्यांचे हात मांडीवर काहीतरी पेरत असायचे.

एका संध्याकाळी रशीदचाचा ओट्यावर आले. आईनं चहा दिला. बराच वेळ बशीतला चहा फुंकून झाल्यावर ते म्हणाले, "मास्तर, मी म्हनलो होतो ना वाक्य. झालं असतं. कशापायी मोडलं? पोरांचं शिकवनं बंद झालं तुमचं."

"आधीच्या रविवारी मी त्यांना नाबोथ शिकवला होता," बाबा म्हणाले.

"तो कोन?"

मग बाबांनी ती सगळी गोष्ट चाचांना सांगितली. राणीचा आवाज काढला नाही. साधी सांगितली, शेजारच्या गावात घडल्यासारखी. चाचा बशी हातात तशीच धरून ऐकत होते. खाली शहराचे दिवे लागत होते आणि किल्ला अंधारात विरघळत होता. गोष्ट संपल्यावर चाचांनी विचारलं, "मंग त्या मळ्याचं काय झालं? त्याच्या पोरांला भेटला का परत?"

शास्त्र बाबांना तोंडपाठ होतं. "ते लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"नाय लिवलेलं?"

"नाही."

चाचांनी चहा संपवला, बशी उपडी ठेवली आणि उठता उठता म्हणाले, "औंदा तुमच्या विहिरीला पानी लई हाय. पाट माझ्या बांधाकडून काढू. मधला दगड काढायला लागंल." दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी पहार लावून तो दगड काढला. मी बघत होतो. तो हद्दीचा दगड होता. त्यानंतर बाबा असेपर्यंत तो कुणी परत रोवला नाही, आणि नन्हेमियाँची पट्टी कुठं संपते आणि रशीदचाचांचं रान कुठं सुरू होतं, हे शाळू उभा असताना सांगता यायचं नाही.

आता दोघंही नाहीत. मी शहरात राहतो. त्याचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. माझ्या तोंडी अजून औरंगाबाद येतं, नातवंडं दुरुस्त करतात. अलीकडे शब्बाथशाळा माझ्याकडे आली, माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून असेल. पट्टीच्या अर्ध्या भागात प्लॉट पडले आहेत, चिंच आहे, विहिरीवर जाळी आहे. पेरणीच्या रविवारी मी मुलांना बसनं घेऊन जातो. तिफणीऐवजी ट्रॅक्टर असतो आणि तो चालवतो रशीदचाचांचा नातू, कानात गाणी लावून. मी मुलांना साहेबाविषयी सांगतो आणि माझा आवाज आपोआप खाली येतो. खिचडी सांगतो, विहीर सांगतो, घोड्यावर पुढ्यात बसवलेलं ते पोर सांगतो. मग नन्हेमियाँ सांगतो, ट्रॅक्टरवरचा दादा त्यांच्याच घरातला हे सांगतो, आणि शेवटी नाबोथ. या वर्षी पुढं बसलेल्या एका लहान मुलीनं तोच प्रश्न विचारला, की मळा परत मिळाला का. मी म्हणालो, ते लिहिलेलं नाही. तिला ते पटलं नाही. तिनं ट्रॅक्टरकडे बोट केलं आणि विचारलं, "मग त्या दादांना विचारू का?"

मी तिच्या ओंजळीत शाळू घातला आणि म्हणालो, "विचार."

ती ढेकळांतून पळत गेली. त्यानं कानातले इअरफोन काढले आणि तो खाली वाकला.